भाचीच्या सायकलमागे तीन दिवस

सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसताना दोन्ही पाय एकाच बाजूला सोडायचे असतात, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी एस.टी.त बसले होते, होडीत बसले होते, लहानपणी एकदा बैलगाडीतून पडलेही होते. सायकल ही पुरुषांची वस्तू असा माझा समज होता. त्यामुळे राजापुरात भर सकाळी, दुकानांच्या फळ्या निघत असताना, माझी भाची विमल लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून सायकलपाशी उभी राहिली आणि "आते, बस" म्हणाली, तेव्हा कोण कोण बघतंय ते मी आधी पाहिलं. सगळेच बघत होते.

विमल ही माझा धाकटा भाऊ बापू याची मुलगी. वय बावीस. सातवी झाल्यावर ती रत्नागिरीला मावशीकडे राहिली आणि देवी टोचण्याचं काम शिकून आली. शिकली तोवर कोणी काही म्हणालं नाही. पण मग नेमणुकीचा कागद आला. राजापूरच्या दक्षिणेची, खारेपाटणच्या अंगाची आणि तिथून आत सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतची गावं तिच्याकडे. एस.टी. मोठ्या रस्त्याने जाते, आत जात नाही. चालत जावं तर लस उन्हाने वाटेतच फुकट जाते. म्हणून सायकल.

बापूने कागद वाचला आणि तो दोन दिवस जेवताना बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "अक्का, तू तिच्याबरोबर एक फेरी कर. तीन दिवस. डोळ्यांनी बघ आणि मला येऊन सांग. तू हो म्हणालीस तर हो. तू नाही म्हणालीस तर देवरुखच्या स्थळाला मी होकार कळवतो."

बापू हुशार आहे. मी कशालाही हो म्हणत नाही हे त्याला माहीत आहे. घरात रेडिओ आणायला मी नाही म्हटलं होतं, आणि तो आला नाही. सगळा भार त्याने माझ्या डोक्यावर ठेवला आणि आपण ओटीवर बसला.

टोचण्याला माझा विरोध नव्हता. मला स्वतःला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडभर वण आहेत आणि डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. विरोध होता तो बाईमाणसाने एकटीने, सायकलवर, डोंगरात फिरायला. तेव्हा निघतानाच माझं 'नाही' तयार होतं. फक्त तीन दिवस काढायचे होते.

राजापूर ते खारेपाटण

बसल्या बसल्या विमलने माझ्या मांडीवर एक मोगा ठेवला. मोगा म्हणजे अरुंद तोंडाचं लहान मडकं. आत ओली वाळू, वाळूत पत्र्याची डबी, डबीत लसीच्या काचेच्या बारीक नळ्या. बाहेरून ओलं फडकं गुंडाळलेलं.

"हा दोन्ही हातांनी धर," ती म्हणाली.

"मग मी कशाला धरू?"

"मला टेकून बस. आते, मोगा पडला तर मी मेले."

"आणि मी पडले तर?"

"तू पडलीस तर उठशील. लस उठत नाही."

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं ते मी विचारलं, की नोकरीचं अजून ठरलेलं नाही तर हिला लस दिली कोणी. "शिकाऊ म्हणून देतात," ती म्हणाली आणि तिने पायडल मारलं.

विमलने वाटेचा एक कागद केला होता. मला वाटलं त्यावर गावांची नावं असतील. त्यावर पाणी होतं. इथे विहीर, इथे पऱ्या म्हणजे ओहोळ, इथे देवळाची तळी, इथे मोठा तलाव. दर तासाला फडकं भिजवावं लागतं, नाहीतर मोग्याचा गारवा जातो. त्यामुळे आम्ही जवळची वाट सोडून पाण्यापासून पाण्यापर्यंत जात होतो. माणसाने जनावरासारखं पाण्याच्या वासाने प्रवास करावा हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मार्गशीर्ष होता. भात कापून झालं होतं, मळ्यांत नुसती खुंटं. चढ आला की आम्ही दोघी उतरायचो, ती सायकल ढकलायची आणि मी मोगा घेऊन मागून चालायची. वर सड्यावर आलं की काळा कातळ, सुकलेलं गवत आणि वारा. सड्यावर सायकल बरी चालते. तिथे मला थोडा वेळ बरं वाटलं. मग उतार आला.

उताराबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. ब्रेक दाबला की सायकल किंचाळायची आणि तरी पुढेच जायची. वळणावर समोरून गवताचे भारे घेतलेल्या चार बायका आल्या. त्यांनी भारे टाकले आणि कडेच्या चरात उड्या मारल्या. मी डोळे मिटले. माझ्या लुगड्याचा सोगा चाकात गेला, फर्रकन आवाज झाला, सायकल कलली आणि आम्ही दोघी लाल मातीत बसलो. मोगा माझ्या पोटाशी होता. कोपर सोललं, गुडघा सोलला, पण मोग्याला मी खरचटू दिलं नाही. विमलने आधी मोगा तपासला आणि मग मला विचारलं, "लागलं का?" मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

उताराखाली चहाचं दुकान होतं. बाकड्यावरच्या पुरुषांनी सगळं पाहिलं होतं. दुकानवाला म्हणाला, "बाई, मागची आजी उतरवा. टायर रडतोय."

"टायर रडू दे," मी म्हटलं, "तू ते कप धू. त्यात कालचा चहा दिसतोय."

बाकडं हसलं. विमल सरळ जाऊन बाकड्याच्या टोकाला बसली आणि दोन चहा मागितले. पुरुषांच्या शेजारी, रस्त्यावर, चहा. मी उभ्याने प्यायले. माझ्या 'नाही'साठी हे एकच पुरलं असतं.

खारेपाटणला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तिथे आम्ही एका मुसलमान कुटुंबाकडे उतरलो. घरचे पुरुष बोटीवर आणि मुंबईत, घर चालवणारी मरियमबी, माझ्याच वयाची. तिने विमलला दारातच मिठी मारली. त्यांची ओळख कशी हे मी विचारायच्या आत मागचं दार उघडलं आणि एकामागून एक मुलं आली. तोंडं धुतलेली, केसांना तेल, डावी बाही आधीच वर केलेली. मागून शेजारच्या घरच्या बायका. सगळ्यांच्या मागे घरची नवी सून. तिला जन्मात कधी टोचलं नव्हतं.

"टोचणारा येत नाही का इकडे?" मी विचारलं.

"येतो ना," मरियमबी म्हणाली. "ओटीवर बसतो, पान खातो, दोन पोरगे टोचतो, वहीत पंचवीस लिहितो आणि जातो. आमच्या पोरीसुना त्याच्यापुढे हात उघडा करून कशा बसतील? किती वर्सं म्हणतोय, एक बाई पाठवा. बाई कोणी पाठवत नव्हतं."

विमल जमिनीवर मांडी घालून कामाला लागली होती. दंड पुसायचा, लसीचा थेंब ठेवायचा, दातेरी गोल सुई त्यावर टेकून फिरवायची. सुनेने हात मागे ओढून घेतला. विमल तिला माहेर कुठलं, किती भावंडं, असं काहीबाही विचारत राहिली आणि तेवढ्यात टोचून झालं.

मग पानं वाढली. तांदळाच्या रोट्या आणि सुरमईचं कालवण. विमल जेवायला बसली. माझ्यासमोर, त्यांच्या घरात, त्यांच्या ताटात. मी मरियमबीला सांगितलं की मी दुसऱ्याच्या घरचं शिजवलेलं खात नाही. तिने काही वाईट मानलं नाही. परसातला केळ्यांचा घड आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "केळं अल्लाने शिजवलंय. त्याच्या हातचं चालतं ना?"

मी सहा केळी खाल्ली.

खारेपाटणच्या आत, तलावापाशी

दुसऱ्या दिवशीची वाट आत जाणारी. समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा आणि आम्ही त्या भिंतीकडे चाललो होतो. चढ असे की सायकल ढकलताना विमलच्या मानेवरून घाम ओघळत होता. तरी दर अर्ध्या कोसावर ती मागे वळून विचारायची, "फडकं ओलं आहे?" माझं तोंड कोरडं पडलंय का हे तिने एकदाही विचारलं नाही.

ज्या गावाला जायचं होतं त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांना आवडणार नाही. गावाच्या वर एक जुना तलाव आहे. दोन टेकड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा बांध घालून पाणी अडवलंय. कोणी आणि कधी बांधला ते तिथे कोणाला सांगता येत नाही. पाणी काळं आणि गप्प. मधोमध वाळलेली झाडं उभी, त्यांच्यावर बगळे. आमच्या राजापुरात नदी आहे, ती पावसात बाजारात शिरते आणि मग महिनाभर त्याच गप्पा चालतात. इथलं पाणी आपल्या जागी बसून होतं. फडकं भिजवलं, आम्ही प्यालो, तोंडं धुतली.

"आता बांधावरून जाऊ," विमल म्हणाली. "गाडीवाटेने गेलो तर टेकडीला वळसा पडतो."

बांध खाटेएवढा रुंद. डावीकडे पाणी, उजवीकडे दोन पुरुष खोल उतार. मी कॅरिअरवर बसायचं साफ नाकारलं. चालत निघाले, मोगा छातीशी, नजर पायाखाली. पुढे ही पोर त्या बांधावरून सायकलवर बसून गेली. उतरून ढकलत नव्हे, बसून. पलीकडे जाऊन तिने घंटी वाजवली. मी तिथेच मनात म्हटलं, बापूला सांगायला आता आणखी काही नको.

बांधाच्या पलीकडे उतरलं की सरळ गावात. पहिल्या घरापाशी विमलने हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्या घरी मारली. दार लोटलेलं, कुलूप नाही. तिसऱ्या घराच्या गोठ्यात दावी होती, गुरं नव्हती. चौथ्या घराची चूल पाहिली, राखेत बोट घातलं. थंडगार. अंगणात कोंबडं नाही, कुत्रं नाही. दोरीवर एक लहान मुलाचं झबलं वाळत होतं आणि वाळून ताठ झालं होतं.

मी आठ वर्षांची असताना एक वाडी अशी पाहिली आहे. देवीची साथ आली होती. ज्यांना पळता आलं ते पळाले होते आणि बाकीचे आत होते. तेव्हाही दारं अशीच लोटलेली होती. मी विमलला म्हटलं, "आपण उशिरा आलो गो."

तिने खांद्यावरच्या टोचणीच्या पेटीतून वही काढली आणि उघडली. त्या गावातल्या मुलांची यादी तिच्याकडे होती. ती यादी घेऊन ती एकेका घराचं दार ढकलून आत बघायला लागली. मी तिला थांबवलं नाही. मी तिच्या मागून गेले. सात घरं पाहिली. सातही रिकामी. आत माणूस नव्हतं, जिवंत नाही आणि मेलेलंही नाही.

मग समोरच्या टेकडीवरून कोणीतरी जीव तोडून ओरडलं.

"अगो बायांनो! भायर येवा! आधी भायर येवा!"

शिवेबाहेर

आम्ही आवाजाच्या दिशेने गेलो. गावची शीव म्हणजे एक लहानसा पऱ्या. तो ओलांडला आणि पलीकडच्या माळावर सगळं गाव बसलेलं. पेंढ्याच्या आणि झावळांच्या झोपड्या, रांगेने. चुली धडाडतायत, गुरं रवंथ करतायत, कुत्री भांडतायत, म्हाताऱ्या फुगड्या घालतायत. मेलेलं कोणीच नव्हतं. मला इतका राग आला की रडूच येईना.

ओरडणारा होता तो गावकार, म्हणजे गावचा मुख्य मानकरी. उंच, पांढऱ्या मिशांचा. "तुमी खंयच्या वाटेन इलात?" तो म्हणाला. "गावात पळण चालू हा. माणूस जाणा नाय, कुत्रा जाणा नाय, आणि तुमी सायकल घेवन फिरतास?"

मग कळलं. त्या गावात दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस रिकामं करतात. गुरंढोरं, कोंबड्या, आजारी माणसं, सगळ्यांना घेऊन शिवेबाहेर राहतात. त्या दिवसांत गावात देव फिरतो असं मानतात. त्याला पळण म्हणतात. आमच्या राजापुराकडे पालखी घरोघर येते, देव माणसांकडे येतो. इथे देवाला घर मोकळं करून देतात. गाडीवाटेवर त्यांनी माणूस बसवला होता, येणाऱ्याला परत पाठवायला. बांधावरून सायकल येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

बायका आमच्याभोवती जमल्या. एक म्हणाली, "म्हातारे, तुका या वयात कळूक नको?" दुसरी म्हणाली, आता पळण बाटलं, पुन्हा तीन दिवस बसावं लागणार, घरी भात झोडायचं पडलंय. गावकार विमलला म्हणाला, "तुझ्या कचेरीत मी कागद धाडतलंय." विमलच्या हातातली वही तेवढी वाकली.

मला माझं 'नाही' आयतं मिळालं होतं. तक्रार जाईल, नेमणूक रद्द होईल, मला तोंडही उघडावं लागणार नाही. आणि मला त्याचा आनंद झाला नाही. हे मला स्वतःलाच समजेना.

शेवटी कौल लावायचं ठरलं. पऱ्याच्या काठी शिवेचा धोंडा आहे. गुरवाने तो ओला केला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडेही असाच लावतात. गावकाराने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, दोन बायो न कळता तुझ्या गावात शिरल्या. पळण मोडला नाय असा असात तर उजवी दी म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

खूप वेळ काही झालं नाही. मग उजवी घसरली. लोकांनी श्वास सोडला.

आता निघावं एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात विमल पुढे झाली. "गावकारांनू," ती म्हणाली, "आता आणखी एक विचारा. पोरांना टोचू का?"

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. सुटलेला गळा पुन्हा फासात घालणारी मुलगी मी पाहिलेली नाही. गावकार तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला ते पटलं असावं, कारण त्याने पाकळ्या पुन्हा लावायला सांगितल्या. गाऱ्हाणं झालं. "गावातल्या पोरांका टोचूचा काय म्हाराजा?"

पाकळी लगेच पडली. डावी.

विमलने वही मिटली आणि पेटीत ठेवली. पेटीचा पट्टा लावला.

मी उठले. आयुष्यभर कौल बघत आले आहे. पाकळी उलटी पडली की शहाणा माणूस देवाला दोष देत नाही, आपण काय विचारलं ते बघतो. मी गावकाराला म्हटलं, "तू काय विचारलंस? गावातल्या पोरांना टोचू का. आज गावात टोचलं तर चालेल का? तिथे देव आहे. तो नाहीच म्हणणार. आम्ही गावात टोचायला आलोच नाही. शिवेबाहेर, या माळावर टोचू का, असं विचार."

"म्हातारे, तू माका गाऱ्हाणा घालूक शिकवतंस?"

"चुकतोस म्हणून शिकवते."

मागून एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "खरा बोलता ती. सवाल वाकडो झालो." मग दोघातिघांनी तेच म्हटलं. गावकाराने मिशीवरून हात फिरवला. पाकळ्या तिसऱ्यांदा लावल्या. या वेळी मी "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

उजवी पडली.

जवळ कोंबड्या झाकायचं डालगं पालथं पडलं होतं, त्यावर मी बसले. डालगं किंचाळलं.

मी उठून ते उचललं. आत तीन वर्षांची मुलगी. टोचणारी पेटी लांबून दिसल्याबरोबर आईने तिला खाली झाकलं होतं. आई धावत आली आणि मुलीला पदराखाली घेऊन उभी राहिली. कौल झाला तरी माझ्या पोरीला हात लावायचा नाही, म्हणाली. गावकार तिच्यावर ओरडला. ती हलली नाही.

मी तिच्यापुढे गेले आणि डोक्यावरचा पदर मागे घेतला. "माझं तोंड नीट बघ," मी म्हटलं. "मलाही माझ्या आईने टोचणाऱ्यापासून लपवलं होतं. तांदळाच्या कणगीमागे. माझ्या धाकट्या बहिणीलाही लपवलं होतं. मी वाचले."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बापूलाही नाही. त्या माळावर, त्या अनोळखी बाईला सांगून बसले. तिने माझ्या गालाकडे पाहिलं, डोळ्याकडे पाहिलं. मग मुलीला विमलपुढे बसवलं आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिली.

संध्याकाळ व्हायच्या आत मोग्यातल्या नळ्या संपल्या. सगळी पोरं एकाच माळावर असल्यामुळे कोणाला घरात लपायला जागा नव्हती. लपायला डालगी तेवढी होती, आणि ती मी काठीने एकेक उलटी करत फिरले. दोन पोरं निघाली. एका डालग्यात कोंबडा होता, त्याने मला चोच मारली. मग त्यांनी आम्हाला जेवू घातलं, भात आणि कुळथाची पिठी. रांधणारे पुरुष होते. चुलीपुढे मिशांचे पुरुष आणि बायका झाडाखाली गाणी म्हणतायत. मी तोही भात जेवले. काल केळी खाऊन पाळलेला नेम आज कुठे गेला ते मला विचारू नका.

परतीच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडीवाटेने, टेकडीला वळसा घालून तलावावर आलो. काठावर बसलो. मोगा रिकामा होता, तरी मी मांडीवर धरला होता. मी विमलला म्हटलं, "बापूला काय सांगायचं ते मी ठरवलंय."

"आते, थांब," ती म्हणाली. "आधी माझं ऐक. मी नेमणुकीवर सही करून होकार पाठवलाय. महिना झाला. कागद घरी दाखवला तो त्यानंतर. खारेपाटणला मी एकदा कामाला येऊनही गेले. बाबांना वाटलं मावशीकडे गेले होते."

तीन दिवस मी मनात तराजू धरून बसले होते. चहा इकडे टाकत होते, मरियमबीची सून तिकडे टाकत होते. आणि तराजूत टाकायला काही नव्हतंच.

"मग मला कशाला फिरवलंस?"

"मोगा कोण धरणार होतं?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने मान खाली घातली. "तू नाही म्हणाली असतीस तरी मी गेलेच असते. पण मग बाबांनी मला घरात घेतलं नसतं. तू हो म्हणालीस तर मला घर राहील. एवढ्यासाठी."

मी मोगा तिच्या हातात दिला आणि चालायला लागले. ती सायकल ढकलत मागून आली. "आते, बस ना," दहा वेळा म्हणाली. खारेपाटणच्या अलीकडे पायाला फोड आले तेव्हा मी बसले, पण तिच्या कमरेला हात लावला नाही. कॅरिअरच्या सळ्या धरल्या. तिथून एस.टी. टपावर सायकल, आत आम्ही, दोघींच्या मध्ये मोगा.

राजापूर

बापू ओटीवर वाट बघत होता. विमल आत गेली. त्याने मला पाणीही विचारलं नाही.

"काय अक्का? सांग. माझी छाती मजबूत आहे."

मी त्याला सांगितलं. ब्रेक किंचाळतो, सांगितलं. मुलगी रस्त्यावर चहा पिते, बांधावरून बसून सायकल चालवते, देवाला दोनदा प्रश्न विचारते, सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खुलत गेला. मग मी म्हटलं, "आणि ती जाणार. मी हो म्हणते. देवरुखच्यांना नाही कळव."

बापू उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. "तू? तू हो म्हणतेस?"

"तू माझ्यावर सोपवलंस."

तो फसला होता. शब्द त्याचाच होता. बराच वेळ त्याने अडकित्त्याने सुपारी कातरली, खाल्ली नाही. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तिने आपल्या मनाने त्यांना आधीच काही कळवलं नाही ना? माझ्या होकाराआधी?"

मी तोंडाने फटकळ असेन, पण बापूशी मी खोटं कधी बोलले नव्हते. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलाय.

"नाही," मी म्हटलं.

हे तो वाचेल अशी भीती मला नाही. बापू छापलेल्यातले नारळाचे भाव तेवढे वाचतो. आणि वाचलंच तर वाचू दे. विमल आता कायम झाली आहे.

त्याने दौत मागवली. आपल्या ठसठशीत अक्षरात कचेरीला पत्र लिहिलं, की मी मुलीचा पिता या नात्याने तिला ही नोकरी पत्करण्याची परवानगी देत आहे. एक ओळ खोडली, पुन्हा नव्या कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं. वाचताना त्याचा आवाज जरा भरला. मग पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं. "अक्का, देवळात जाशील तेव्हा वाटेवरच्या टपालपेटीत टाक."

ते पत्र कचेरीत पोचलं असतं, तर विमलबाईंची मान्यता मागल्या महिन्यातच आली आहे असं उत्तर परत आलं असतं. मी ते घेऊन परसात गेले. न्हाणीचा चुला नुकताच घातला होता, लाकडं ओली होती आणि नुसता धूर होत होता. पाकीट आत सारलं. कागद जाड होता, चांगला पेटला. मी विमलला हाक मारली, पाणी तापतंय, आधी पाय शेकून घे.